न तपासलेली ओटी

पहिला टेम्पो फोडला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. खोटं कशाला बोलू? टेम्पो पपईच्या रोपांचा होता, बाहेरच्या नर्सरीतून आलेला, आणि ड्रायव्हरला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. फाट्यावर आमच्या गावच्या माणसांनी बांबू आडवा टाकला होता. त्यानं आधी हॉर्न वाजवला, मग खाली उतरून शिवी हासडली. माझ्या नवऱ्यानं काठीच्या एका दणक्यात समोरची काच फोडली. बाकीच्यांनी रोपांचे ट्रे रस्त्यावर पालथे केले आणि रोपं पायाखाली तुडवली. काचेचा तुकडा लागून ड्रायव्हरच्या कपाळातून रक्त आलं, ते पार शर्टापर्यंत. मी शेतातून येत होते. डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, हायवेवरून आत. जमीन माळाची, मुरमाड. सोयाबीन येतं, तूर येते, पण त्या मुरमात खरं रमतं ते सीताफळ. आमच्या वरच्या तुकड्यात दोनशे झाडं आहेत. म्हणजे होती. ती मी लावली होती. मालक, म्हणजे माझा नवरा, तेव्हा हसले होते मला, "माळावर बाग करायला निघाली" म्हणून. पहिले दोन उन्हाळे मी घागरीनं पाणी घातलं, प्रत्येक झाडाला. कंबरेचा पार काटा ढिला झाला. पण झाडं धरली, आणि फळं अशी यायची की तुळजापूरच्या बाजारात व्यापारी आधी आमची पाटी उघडायचा. त्या बागेला कुणी नुसतं वाकडं बघितलं तरी माझं डोकं फिरायचं.

आणि त्या साली पलीकडच्या गावांत पिठ्या ढेकूण आला. आधी पपईवर, मग सीताफळावर. फांदीवर, देठावर, फळाच्या खाचांत पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, आणि ते पीठ म्हणजे किडा. रस शोषतो, वरून चिकट पाणी सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते. फळ झाडावरच काळं पडून सुकतं.

कृषी सहायक आला होता सांगायला. मवाळ माणूस, कधी आवाज चढवला नाही त्यानं. मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवून म्हणाला, "ही कीड आपल्या देशातली नाही, बाहेरून आलीय. हिच्या मादीला पंख नसतात, त्यामुळं ती आपल्या पायानं लांब जात नाही. तिला माणूस नेतो. रोपावर, फळावर, क्रेटमध्ये, कपड्याला चिकटून. ने-आण थांबवा, ती थांबते." आणि दिसलीच तर ती फांदी कापून जाळा, कोयता धुवा, झाडावर मुंग्या चढू देऊ नका, कारण मुंग्या तिला वाहून नेतात, असंही म्हणाला. काठीचं नाव त्यानं काढलं नव्हतं. काठी आमची.

ग्रामसभेत ठरलं. कीड लागलेल्या गावांतून फळ, रोप, पाला, रिकामं क्रेट, काहीच आत येणार नाही. मेंढरंसुद्धा नाहीत, कारण लोकरीत कीड अडकते. फाट्यावर एक नाका आणि ओढ्यावर दुसरा. घरटी एक माणूस, पाळीपाळीनं. सगळ्यांवर मुकादम म्हणून माझे मालक. मला काय आनंद झाला होता! बागेसाठी गाव उभं राहिलं होतं.

महिन्याभरात नाक्यावरच्या लोकांना मारायची चटक लागली. दुसरा शब्द नाही. एका जावयाची पिशवी उलटी केली, तो तणतणला, तर त्याला सासऱ्यासमोर बदडला. एका म्हाताऱ्याला धोतर सोडून झटकायला लावलं, तो रडायला लागला तर हसले. मी कुणाला नावं ठेवू? एक बाई पेरूची टोपली घेऊन ओढ्याकडून आली होती, मीच तिची टोपली लाथेनं उडवली. ती म्हणाली, "अगं बया, पोट हाय माझं त्याच्यावर." मी तिच्या थोबाडीत ठेवून दिली. हात झिणझिणला माझा. तिनं गालाला हात लावून माझ्याकडं बघितलं आणि चिखलातले पेरू न उचलता निघून गेली. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

नवरात्र झाल्यावर मी माहेरी गेले. माहेर येडशीच्या बाजूला. आई अंथरुणाला खिळलेली, भावजयच सगळं करायची. दोन दिवस राहिले. निघताना भावजयीनं पाटावर बसवलं आणि ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण. घरात नारळ नव्हता, म्हणून तिनं परसातल्या झाडाची तीन सीताफळं घातली. ते झाड आईनं लावलेलं. लहानपणी आम्ही भावंडं त्याच्यावरून मारामाऱ्या करायचो.

दोन फळांच्या खाचांत पांढरं होतं. मी बघितलं. अंगठ्यानं पुसलं तर चिकट लागलं.

"धूळ हाय वो, वन्सं," भावजय म्हणाली.

धूळ नव्हती. ते मला कळत होतं, तिला कळत नव्हतं, एवढाच फरक. पण भरलेली ओटी काय परत ओतायची? आई पलीकडून बघत होती. माहेरची ओटी सांडली तर माहेराचं बरं होत नाही, हे आमच्या हाडीमाशी रुजलेलं. शिवाय त्या झाडाचं फळ आई हयात असताना पुन्हा मिळेल का, असंही आलं मनात. मी पदराची गाठ मारली, कमरेला खोचली आणि एसटीत बसले.

फाट्यावर उतरले तर नाक्यावर मालकच होते. माझ्याबरोबर उतरलेल्या तिघांच्या पिशव्या त्यांनी जमिनीवर ओतून बघितल्या. एकाच्या चपला काढून आपटल्या. माझी कपड्यांची पिशवी पण झटकली, बायकोची म्हणून सोडली नाही. मग त्यांची नजर माझ्या कमरेवर गेली.

"ओटी का?"

"व्हय."

"जा."

बस, एवढंच. सवाष्णीच्या ओटीला पुरुषानं हात लावायचा नसतो. त्या नाक्यावर माणसाचं धोतर सुटलं, पण ओटी एकीचीही कुणी उघडली नव्हती, आणि गावात त्या दिवसांत माहेराहून येणाऱ्या काय मी एकटीच होते? पण बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझं माहीत आहे. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. चार लोकांत, त्यांच्यासमोर, मुकादमाच्या बायकोनं कीड आणली म्हणायला मला लाज वाटली.

घरी येऊन फळं देवीपुढं ठेवली. संध्याकाळी मी आणि मालकांनी खाल्ली. साली आणि बिया टोपलीत घेऊन बागेच्या कोपऱ्यातल्या उकिरड्यावर टाकल्या. जाळाव्यात असं वाटलं होतं. सकाळी जाळू म्हटलं. सकाळी सोयाबीन काढायला बाया आल्या. मी विसरले असं म्हणणार नाही, मी कंटाळा केला.

दिवाळी झाली आणि उकिरड्याजवळच्या झाडावर पीठ दिसलं. बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढत होती. कुणाला न सांगता मी ती फांदी तोडली आणि चुलीत घातली. चार दिवसांनी शेजारच्या झाडावर. मग ओळीतल्या पाचव्यावर. मग मालकांनी बघितलं. ते झाडापुढं उभे राहिले, पानाला बोट लावलं, आणि जे ओरडले ते खालच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं.

"मेंढरांनी आणली! दुसरं कोण?"

आता मेंढपाळाचं सांगते. दरसाल दिवाळीच्या पुढंमागं एक मेंढपाळ आणि त्याची बायको कळप घेऊन यायचे. दहाबारा वर्षांची ओळख. आमच्या रानात मेंढरं बसवायचे, आम्हाला लेंडीखत मिळायचं, त्यांना धान्य आणि पाणी. ती मला अक्का म्हणायची. धाकट्या लेकीच्या वेळी, माझ्या बाळंतपणात तिनं मला आपल्या हातानं विणलेलं घोंगडं दिलं होतं. त्या साली नाक्यामुळं ते ओढ्यापलीकडंच अडकले होते. पलीकडचं गवत संपलेलं, मेंढ्या गाभण, दिवस भरत आलेले. आमच्या गावातून पुढच्या, पीक काढलेल्या रानात त्यांना जायचं होतं, नुसतं ओलांडून. रोज सकाळी तो नाक्यावर येऊन हात जोडायचा आणि शिव्या खाऊन परत जायचा. मधे एकदा कळप पाण्यासाठी ओढ्याच्या अलीकडच्या काठाला चढला होता, ते कुणीतरी बघितलं होतं. एवढं पुरलं.

मी नाक्यावरच्या माणसांना भाकरी घेऊन गेले होते. ऊन चढलेलं. बघते तर वीसपंचवीस माणसं ओढ्यात उतरलेली, आणि मेंढपाळ मधे गुडघ्यावर. पटक्याची चिंधी झालेली. मालक त्याच्या पाठीत काठी घालत होते, लाकूड फोडावं तसं, मोजूनमापून.

"मालक, आवो ऐका," तो ओरडत होता, "मेंढरू शिताफळाच्या पाल्याला तोंड तरी लावतंय का? तुमीच सांगा! कशापायी जाईल ते बागंत?"

खरं होतं ते. आमच्याकडं शेंबडं पोर पण सांगेल की शेळीमेंढी सीताफळाला तोंड लावत नाही. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. क्षणभर काठ्या थांबल्यासुद्धा.

"तोंड न्हाय लावत, अंग तर लावतंय," माझा चुलत दीर म्हणाला. "कीड अंगावर हाय त्यांच्या. अंगावरची मारू की मग. पंप आणा."

द्राक्षबागेत फवारायचा त्याचा पंप, ट्रॅक्टरला जोडलेला, लांब नळीचा. टाकीत झाडावर मारायचं औषध कालवलेलंच होतं. माणसांनी दगड मारून कळप ओढ्याच्या दरडीला दाबला. मेंढरं एकमेकांवर चढायला लागली. दिरानं नळी रोखली आणि सोडलं. डोळ्यांत, नाकात, तोंडात. ती ओरडायला तोंड उघडायची आणि धार आत जायची. मेंढपाळाची बायको मधे धावली, तिच्या अंगावरही उडवलं. दोघांनी तिचे हात मागं धरले. तिचं लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं आणि ती लाथा झाडत होती. तशात तिला मी दिसले.

"अक्का! सांगा की वो तुमी! तुमच्या बागंत आमी पाय तरी ठेवला का? सांगा की!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मालकांनीही. पंप अजून चालू होता. "माझ्या ओटीतनं आली कीड." पाच शब्दसुद्धा नाहीत. जिभेच्या टोकावर आले होते. मी भाकरीच्या टोपलीकडं बघितलं आणि म्हणाले, "मला काय म्हाईत न्हाय."

ती लाथा मारायची थांबली. तिचे हात सोडले तरी ती तशीच उभी होती.

दुपारपासून मेंढरांच्या तोंडातून फेस यायला लागला असं नाक्यावरून कळलं. पाय थरथर कापतात, पडतात, उठत नाहीत. गाभण मेंढ्या गाभ टाकायला लागल्या. हे सांगताना माणसांचा आवाज बारीक झाला होता. पण बांबू काही कुणी उचलला नाही. मी दिवसभर घरात एकाच जागी बसून होते, चूल पेटवली नाही.

सकाळी मालक चहा मागायला आले तेव्हा मी सांगितलं. "कीड म्या आणली. ओटीतनं. तुमीच जा म्हणालात."

त्यांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मी पुन्हा सांगितलं, साली कुठं टाकल्या तेही सांगितलं. त्यांनी मारलं. कानाखाली असं की मी भिंतीवर आदळले. लग्नाला वीस वर्षं झाली, मार मला नवा नव्हता, पण त्या दिवशी मी चुलीजवळची फुंकणी उचलली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. परत घातली. ते मागं सरकले.

"भाड्या, सीताफळ तू बी खाल्लंस की!" मी ओरडले. अहो-जाहो तिथंच संपलं.

"तोंड बंद ठेव," ते खांदा धरून म्हणाले. "मेली ती मेली. आता बोललीस तर गाव आपल्याला जितं ठेवणार न्हाय."

मी तशीच बाहेर पडले. नाक्यावर आठदहा जण होते. त्यांना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ओटीत कीड होती, मी आणली, मेंढरांचा संबंध नाही. कुणी हसलं. चुलत दीर म्हणाला, "वैनीला दया आलीया. बायकांचं काळीज." दुसरा म्हणाला, "ओटीतनं कुठं कीड येती व्हय?" मी शपथ घेतली, लेकीची घेतली. त्यांनी माना वळवल्या. मग लक्षात आलं, त्यांना पटलं होतं. पण पटलं असं म्हटलं तर कालचा पंप कुणी चालवला, हे म्हणावं लागलं असतं. आजही गावात विचारा, कीड मेंढरांनीच आणली असंच सांगतील. मी समोर असले तरी सांगतात.

ओढ्यात उतरले. मागं वळून बघितलं तर आमच्या वरच्या तुकड्यातून धूर निघत होता. मालकांनी झाडं तोडून जाळायला लावली होती, कीड लागलेली आणि न लागलेलीसुद्धा. माझी दोनशे झाडं. मला वाटलं होतं मी रडेन. काही वाटलं नाही.

दरडीखाली मेंढरं पडलेली होती, पाय ताठ, डोळे उघडे. मी मोजली नाहीत, कळपातली निम्मी तरी असतील. मेंढपाळ खड्डा खणत होता, पण एका हातानं, दुसरा हात लोंबकळत होता. ती मेलेल्या मेंढीजवळ बसून एक पिल्लू पदरानं पुसत होती. ते ओलं होतं आणि हलत नव्हतं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. सुरुवातीपासून. आईचं झाड, भावजय, धूळ, नाका, साली. ती पुसतच राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"काल कुठं व्हता मग तुमी?" तिनं वर न बघता विचारलं.

"हितंच व्हते."

तिनं पिल्लू खाली ठेवलं. हळूच, डोकं आपटू नये असं. मग ती उठली आणि माझे केस धरले. मी पडले तशी ती छातीवर बसली. आधी चापट्या, मग मुठी, मग हाताला लागलेला दगड. माझा पुढचा दात तिथंच पडला. तोंडात माती आणि रक्त झालं. नवरा सोडला तर मी उभ्या जन्मात कुणाचा मार गुमान खाल्ला नव्हता, पण तिच्यावर हात उचलला नाही. मेंढपाळ कुदळ टेकून बघत उभा होता. त्यानं तिला थांबवलं नाही आणि चेव पण दिला नाही. वर नाक्यावरची माणसंही बघत होती, कुणी खाली आलं नाही.

ती दमली तेव्हा थांबली. बाजूला सरकून बसली, धापा टाकत, हात रक्तानं माखलेले. मी तशीच उताणी पडून होते. मग तिनं पिल्लू परत मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, अगदी साध्या आवाजात, घोंगड्याची ऊब कशी हाय विचारायची तशी.

"अक्का, फळं गोड तरी व्हती का?"

माझ्या तोंडात दाताच्या जागी नुसती आग होती. तरी मी सांगितलं. आदल्या दिवशी बोलले नव्हते, आता खोटं बोलणार नव्हते.

"व्हय," म्हटलं. "लई गोड व्हती."